मापाड्याची शिफारस

कादंबऱ्यांचं कपाट दाराशीच आहे, ते कुणालाही सापडतं.
तुम्ही आत या,
पंख्याखालून जरा वाकून. त्याचं एक पातं
दोन उन्हाळ्यांपासून बेभरवशाचं आहे.

मागच्या भिंतीपलीकडे मिरचीची पथारी.
म्हणून इथलं पुस्तक उघडलं की आधी शिंक, मग अक्षर.
दोंडाईच्याचा वाचक असाच ओळखावा:
रुमाल नाकाला, बोट ओळीवर.

मी मार्केटात मापाडी. एकतीस वर्षं काटा धरला.
लिहिलेल्याला वजन आहे की नाही
ते हातात घेतल्याबरोबर मला कळतं,
असं मी सगळ्यांना सांगत असे.
दोनदा तोंडावर पडलो. तेही सांगतो, पण आधी

हे घ्या. विहिरींवरचं.
लिहिणारा कुणी खात्यातला माणूस, भाषा कोरडी ठाक,
पहिली चाळीस पानं नुसते खडक.
सोडू नका.
एकेचाळिसाव्या पानावर तो स्वतः दोराला धरून उतरतो
आणि काळ्या दगडाच्या भेगेला कान लावतो.
पुढचं मी सांगत नाही.
त्या रात्री मी माठातलं पाणी
पहिल्यांदा चव घेऊन प्यालो, एवढंच.

ते जाड, सोनेरी अक्षरांचं? राहू द्या तिथेच.
राजवंशांचा इतिहास, साडेसातशे पानं.
मीच दरबारसिंग गिरासेंच्या गळ्यात मारलं होतं.
आठव्या दिवशी ते परत घेऊन आले,
काउंटरवर ठेवलं, चष्मा पुसला, म्हणाले,
‘मापाडी भाऊ, कडता किती धरू येम्हा?’
तेव्हापासून जाड पुस्तकाची शिफारस करताना
माझी जीभ थोडी अडखळते.

आता हे. पातळ आहे, शिवण सुटली आहे, जपून.
मिरचीची हकिगत.
ती आपली नाही, हे मला यातच कळलं;
जहाजातून आली, समुद्र ओलांडून, परक्यांच्या पोत्यांत.
एकतीस वर्षं जिचं वजन केलं
तिचं गाव मला ठाऊक नव्हतं!
मी हमालांना सांगितलं, अडत्यांना सांगितलं,
चहावाल्या उखाला भर गर्दीत चार पानं वाचून दाखवली.
बारा जणांनी नेलं. तेरावी हिरूबाई वळवी.

देठ खुडणाऱ्या बायांत ती बसते, पथारीच्या कडेला.
अक्षर ओळख चाळिशीत, रात्रीच्या वर्गात.
पुस्तक तिने पावणेदोन महिने ठेवलं,
दंड भरला, सुट्या नाण्यांत, मोजून,
आणि काही न बोलता गेली.

पान अडुसष्ट काढा.
छापील ओळ अशी: ‘देठ खुडणाऱ्या स्त्रियांच्या हातांना
हळूहळू या जळजळीची सवय होते.’
शेजारी समासात पेन्सिलीने,
काना-मात्रा जिथल्या तिथे, मोठ्या अक्षरात:
‘सवय होत नाही. रात्री तान्ह्याला घेता येत नाही.’

मी ती ओळ तीनदा वाचली होती.
तीनदा मान डोलावली होती.
आणि त्या बाया माझ्या काट्यापासून
वीस पावलांवर बसतात.

कार्यकारिणीच्या सभेत विषय निघाला:
पुस्तक विद्रूप केलं, खोडून टाका.
ग्रंथपाल भिकनराव बागूल
अर्धा तास खोडरबर शोधत राहिले.
ते त्यांच्याच खिशात होतं, मी पाहिलं होतं.
सभा संपली, चहा आला, विषय पुढे ढकलला,
अजून ढकललेलाच आहे.

तर हे न्या. विहिरींचंही न्या, दोन मिळतात एका वेळी.
पण लेखकावर जाऊ नका,
माझ्यावर तर मुळीच नको.
वाचताना शेजारी कोण बसलंय तेवढं बघा.

मुदत पंधरा दिवस. पुढे रोजचा रुपया.
आणि काही खटकलं तर
काउंटरवर पेन्सिल आहे, सुतळीला बांधलेली.
आधी टेबलावर बांधली होती,
हिरूबाईने सांगून दोरी वाढवून घेतली,
आता ती खिडकीपर्यंत पोचते.